ढिली काडी

मॉन्टेक्रिस्ती गावाच्या मागच्या डोंगरात नार्सिसा पाचायच्या जिभेला सगळे टरकून असत. मासळीवाला असो नाहीतर पाद्री, तोंडावर सुनवायची. पोटात काही ठेवणं तिला माहीतच नव्हतं. अशा बाईने जन्मात एकच गोष्ट लपवली, आणि ती नेमकी नवऱ्यापासून. नशीबच फुटकं, दुसरं काय म्हणायचं!

नवरा फिलेमोन टोप्या विणायचा. तोकिया म्हणजे ताडासारखं झाड; त्याची पात चिरून केसासारख्या बारीक काड्या करायच्या आणि त्यांची टोपी विणायची. एक टोपी म्हणजे सात-आठ महिने. काम ओणव्याने चालतं. तिवईवर लाकडी ठोकळा, ठोकळ्यावर उशी, उशीवर छाती टेकायची, आणि मान खाली घालून हात चालवत राहायचे. उन्हं चढली की काडी कडक होऊन तुटते, म्हणून पहाटे विणायचं नि संध्याकाळी विणायचं. दुपारी टोपी ओल्या फडक्याखाली. फिलेमोनची अशी चाळीस वर्षं गेली. त्या गावात मान दुखत नाही असा माणूस दाखवा! दुखणं घरच्यासारखंच झालेलं, त्याला कोण विचारतो?

पण त्या वर्षी दुखणं खांद्यात उतरलं. नार्सिसा लेकीच्या बाळंतपणाला मान्ताला गेली होती, तेव्हा तो आपला एकटाच दवाखान्यात नर्सबाईकडे जाऊन आला. ती परत आली तर हा भिंतीला पाठ लावून उभा, हनुवटी मागे घेतोय आणि पुन्हा सोडतोय.

"हे काय रे? कोंबडा झालास की काय?"

"हस, हस. नर्सबाईंनी शिकवलंय. वीस मिनिटं विणायचं, मग उठायचं, खांदे फिरवायचे, लांबवर बघायचं. मान नुसती जखडून ठेवून बरी होत नाही म्हणे, हलती ठेवायला लागते."

तिवईवर गजराचं घड्याळ आलं. दर वीस मिनिटांनी ते केकाटायचं, फिलेमोन उठून कोंबडा व्हायचा आणि नार्सिसा शेंगदाणे कुटता कुटता पोट धरून हसायची. नर्सबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. ती मात्र तो घरी बोलला नाही. उगाच हिच्या जिवाला घोर कशाला, म्हणून.

जूनअखेरीस सान पेद्रोचा सण झाला त्या आठवड्यात एका दुपारी नार्सिसाने फडकं भिजवायला उचललं आणि वीण उजेडाकडे वळवली. सकाळच्या दोन ओळी ढिल्या होत्या. नवशिक्या पोरीच्याही नसतील इतक्या. फिलेमोनच्या हातच्या!

तिला सासरा आठवला. त्याचा हात बिघडला तेव्हा ही नवी नवरी होती. म्हाताऱ्याने स्वतःची वीण उजेडात धरली, बराच वेळ बघितली, मग ठोकळा चुलीत घातला आणि खाटेवर पडला. पुढची चार वर्षं तो कुणाशी धड बोलला नाही. तिच्या हातून घास तेवढा खायचा.

'माझ्या माणसाचं असं नाही होऊ द्यायची,' ती मनाशी म्हणाली. वय झालं, नजर अधू झाली, एवढंच तिला वाटलं. मानेचा नि बोटांचा काही संबंध असेल हे तिच्या स्वप्नातही आलं नाही. तो दुपारचा झोपला होता. वीण तिला लग्नानंतर त्यानेच शिकवली होती. तिने त्या दोन ओळी उसवल्या, काड्या ओल्या केल्या आणि पुन्हा विणल्या. संध्याकाळी त्याने वीण बघितली आणि खूश होऊन शीळ घातली.

मग रोजचंच झालं. तो झोपला की ही उसवायची नि विणायची. कधी दोन ओळी, कधी चार. त्याच्या हातून कप पडला की म्हणायची, "हातांना लोणी लावलंयस का रे?" सदऱ्याची बटणं लागेनात तेव्हा स्वतः लावून द्यायची आणि वर चिडवायची, "ये माझ्या नवरदेवा!" पाय ओढत चालायला लागला, तर "कुठे झोकून आलास?" तोही हसायचा. दुखणं मात्र कमी झालं होतं. म्हणायचा, "बघ, कोंबड्याने काम केलं."

फेब्रुवारीत तो अंगणाच्या पायरीवर कोसळला, आणि हातांचा आधार घेऊन उठायला गेला तर हात हलेनात.

पोर्तोव्हिएहोच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी फोटो काढले. मानेच्या मणक्यांमधून नसांची जी दोरी खाली जाते ती दाबली गेली होती. "काका, बोटं कधीपासून बधिर आहेत?"

"बधिर कुठली? कप पडायचा अधूनमधून, नाही असं नाही." फिलेमोनचा आवाज ताठच होता. "नर्सबाईंनी बजावलं होतं मला, बोटं बिघडली तर उठून तडक यायचं, थांबायचं नाही. मी रोज लक्ष ठेवून होतो ना! विणकऱ्याची बोटं बिघडली तर पहिली कुठे दिसतील? विणीत. रोज बघत होतो. आठ महिन्यांत एक काडी ढिली नाही, बाई. विचारा हिला."

नार्सिसाची जीभ टाळूला चिकटली! तिने मान हलवली, पण हो की नाही ते तिलाही कळलं नसेल.

बाहेरच्या बाकावर तिने डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. बाई काही रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मान दुखते तेवढी बहुतेकांची बरी होते, काकू. पण बोटं सुटली, पाय अडखळले की घाई करावी लागते. आता ऑपरेशन करून आहे ते इथे थांबेल. गेलेलं परत येईल असं मला सांगता येणार नाही."

"सणाच्या वेळी आणला असता तर?"

बाईंनी ऑपरेशनचा कागद सहीसाठी तिच्यापुढे केला.

ऑपरेशन झालं. मानेला पट्टा बांधून तो घरी आला, खुर्चीत बसला तो बसलाच. पाय थोडेफार चालत. बोटं नाही. तीन दिवसांनी म्हणाला, "टोपी आण गं. शेवटची आहे, बघू दे तरी."

तिने आणली. बोटांना लागत नाही म्हणून त्याने गाल पुढे केला, मग ओठ. मध्यापासून कडेकडे ती टोपी ओठांवरून हळूहळू फिरवायला लावली. माथ्याचा गोल जेमतेम संपला आणि तो थांबला. "मागे घे." पुन्हा फिरवली. पुन्हा थांबला.

"इथून पुढे तुझा हात आहे, नार्सिसा. तू डावी काडी जास्त ओढतेस. लग्नापासून सांगतोय."

ती धाय मोकलून रडली. "तुला कळलं तर तू तुझ्या बापासारखा खाटेवर पडशील, म्हणून रे! मला काय ठाऊक होतं!"

तो म्हणाला, "मला वाटत होतं, मी बरा होतोय."

हे तिच्या काळजात जे रुतलं ते आजही तिथेच आहे.

आता ठोकळ्यावर ती ओणवी होते. खुर्चीतून तो घड्याळाकडे बघत असतो आणि वीस मिनिटं झाली की ओरडतो, "ऊठ गं, कोंबडे!" ती उठते, हनुवटी मागे घेते. हसत कुणीच नाही. काम संपलं की ती टोपी त्याच्या ओठांशी धरते, आणि दिवसभराच्या ओळी तो एकेक करून तपासतो.

"नीट आहे," तो म्हणतो. "ढिली लागली ना, तर त्याच दिवशी सांगेन तुला."