डुकरांच्या पानाचा बिशप

सेजफर्डच्या पाणथळीत वाम मासे धरणाऱ्या गामेलचा थर्स्टन बिशप झाला, तेव्हा गावात कुणाच्या पोटात दुखलं नाही. वाम धरण्यात तो अगदीच बेतास बात होता. मठातल्या साधूंना मासळी पोचवता पोचवता अक्षरं शिकला, पुढं राजाच्या कचेरीत कारकून झाला आणि कारकुनी करता करता एक दिवस गादीवर गेला.

गादीवर बसवताना आमच्याकडं रीत आहे. नव्या बिशपच्या खांद्यावर शुभवर्तमानाची पोथी ठेवायची आणि न बघता उघडायची. निघेल ते पान म्हणजे त्याचं भविष्य. आधीच्या बिशपला मेजवानीचं पान निघालं होतं. तो खाऊन खाऊनच गेला. थर्स्टनला निघालं चित्राचं पान. भुतं शिरलेली डुकरं कड्यावरून तळ्यात उड्या टाकून बुडतायत. चित्र काढणाऱ्यानं मन लावून काढली होती.

पोथी धरलेला म्हातारा पाद्री कुजबुजला, "परत उघडू का?"

"एकदाच उघडायची असते," थर्स्टन म्हणाला.

त्या दिवसापासून त्यानं पाण्याचा नाद सोडला. पूल असेल तिथं जायचा, नसेल तिथं जायचा नाही. त्यानं देवळं शाकारली, बांधांची भांडणं मिटवली. लोक त्याला डुकऱ्या बिशपच म्हणत राहिले. सेजफर्डला पूल नव्हता.

मग त्याची आई गुनिल्ड अंथरुणाला खिळली. मरणाआधी कपाळाला लावतात ते शेवटचं तेल लावायला गावचा पाद्री आला, तर तिनं तोंड फिरवलं. "माझं पोरगं बिशप हाय. मी तुझ्या हातचं लावून घेऊ व्हय?"

शेजारी म्हणून मीच थर्स्टनला आणायला गेलो. तो लगोलग काठावर आला. नावाडी सिवार्ड होडीत कांदा खात बसला होता.

"सिवार्ड, पलीकडं सोड."

"म्हाराज, तुमचं बुडणं देवानं लिवलंय. माज्या होडीनं काय पाप केलंय?"

"आई चाललीय माझी."

"तिला माजा रामराम सांगा."

"तू सोडल्याशिवाय कसा सांगू?"

सिवार्डनं विचार केला. "त्ये बी खरंच," म्हणाला आणि कांदा खात राहिला.

थर्स्टननं झगा खोचला आणि माझी वाम धरायची डोंगी मागितली. मी दिली. आधी खाली उतरलो, मग दिली. तो काठी घेऊन उभा राहिला आणि लहानपणी चुकायचा तसाच चुकला. काठी चिखलात खोल रोवली. डोंगी पुढं गेली, काठी तिथंच राहिली आणि बिशप काठीवर राहिला. मग सावकाश खाली आला.

पाणी छातीएवढं होतं. तेलाची कुपी डोक्यावर धरून तो चालू लागला.

"बुडला!" सिवार्ड ओरडला. "पानातलं फिटलं! म्हाराज, थांबा, आता सोडतो!"

"आता कशाला सोडतोस?" थर्स्टन वळला नाही.

गुनिल्डनं त्याला दारात निथळताना पाहिलं. "काठी खोल रोवलीस?"

"हो."

"बाप सांगून सांगून मेला. हात पूस आधी."

त्यानं हात पुसले. तिनं कपाळ पुढं केलं.

दिवस मावळायच्या आत ती गेली. तिला मातीआड करून थर्स्टन परतताना सिवार्डच्याच होडीतून गेला. काठी मात्र सिवार्डनं त्याच्या हाती दिली नाही.