डिकीतली टाकी

माझ्या जुन्या अमेरिकन गाडीची पेट्रोलची टाकी मी हौसेने डिकीत बसवून घेतली होती. आत वास यायचा, म्हणून डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढे अगरबत्ती लावूनच निघायचो. साखळी गावात टायरमध्ये हवा भरायला थांबलो, तर गॅरेजवाल्याने खिडकीतून डोकं आत घातलं, वास घेतला आणि जळती अगरबत्ती चिमटीत विझवली.

“अहो, देवापुढची आहे ती!” मी खेकसलो.

“देव रागावचो नाय. पेट्रोल रागावतला. भायर या, सावकाश.”

टाकीची वाफ डिकीतच सुटत होती. त्याने तिथे नळी जोडून तिचं तोंड गाडीबाहेर काढलं. मग दुकानातल्या तसबिरीवरचं जास्वंद आणून गणपतीपुढे ठेवलं. तेव्हा दिसलं, त्याच्या बोटांवर फोड आले होते.