इतर खर्चातले पाच रुपये

इनामदार सरांनी मला नफा-तोटा पत्रक वाचायला शिकवलं, आणि माझी नोकरीही वाचवली. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे हात आखडेल. महिन्यापूर्वी स्वारगेटला बसची वाट बघत होते, तेव्हा त्यांच्या मुलीचा फोन आला. "अब्बा गेले," एवढंच म्हणाली...

मी भंडाऱ्याकडची. नववीत शाळा सुटली. कात्रजच्या पुढे एका मसाल्याच्या कंपनीत पॅकिंगला लागले. तिखटाने हात सोलवटले, तेव्हा तिथले हिशेबनीस असलेल्या सरांनी मला हिशेबाच्या खोलीत फायली लावायला मागून घेतलं. सर पुण्याचेच, बोलणं तिरकस. दोन वर्षांची पत्रकं शेजारी ठेवायचे आणि सांगायचे, की दोन्ही वर्षांची विक्री शंभर रुपये धर, मग त्या शंभरातले कुठे किती गेले ते बघ. याला उभं विश्लेषण म्हणतात. मी भागाकारात अडखळले की म्हणायचे, "घाबरू नका बाईसाहेब, आकडे चावत नाहीत. चावतात ती माणसं."

गेल्या वर्षी मालकांनी असाच तक्ता मागितला. सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून तक्ता मी केला, सही त्यांनी. शंभरात मजुरी आधी बारा होती, ती सतरा झालेली. मालकांनी तेवढंच बघितलं आणि पॅकिंगच्या अकरा जणींना नोटीस दिली.

मला मात्र तक्ता करतानाच दिसलं होतं, की 'इतर खर्च' नवावरून चारावर आलाय. तेच पाच रुपये. आदल्या वर्षी पॅकिंगचा पगार ठेकेदारामार्फत यायचा, तो इतर खर्चात पडायचा. त्या वर्षी कंपनी स्वतः देत होती, म्हणून मजुरीत आला. वाढलं काहीच नव्हतं. मी स्वतः त्या ठेकेदाराकडून पगार घेतलेला, मला नाही कळणार तर कुणाला? पण शाळा अर्धवट सोडलेल्या बाईने तोंड उघडायचं कसं, आणि नोकरी गेली तर... आठ दिवस गप्प बसले. तोवर सहा जणी हिशेब घेऊन गेल्या. त्यांत माझ्याच खोलीत राहणारी सुनंदाताई. तिची ट्रंक बसपर्यंत मीच उचलून दिली.

नवव्या दिवशी म्हटलं, "सर, मले वाटते आपला तक्ता चुकला."

त्यांनी भिंग धरून दोन्ही ओळी तपासल्या. मग विचारलं, "कधी कळलं तुला?" मी खरं सांगितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "सही माझी आहे," म्हणाले आणि उठून मालकांकडे गेले. चूक माझी, मला दिसली नाही, असं तिथे सांगितलं. माझं नाव काढलं नाही. उरलेल्या पाच जणी राहिल्या. गेलेल्या सहांना परत बोलवायला मालक तयार झाले नाहीत, आणि त्यांनी सरांना काढून त्यांचं काम बाहेरच्या माणसाला दिलं. पुढे घरी भेटायला गेले की सर त्या सहा जणींचंच विचारायचे, कुणाला काम मिळालं का... एकीचंही 'हो' मी त्यांना शेवटपर्यंत सांगू शकले नाही.

त्यांच्या टेबलावर आता फायली लावायला मी बसते. काचेखाली त्यांनी जाताना ठेवलेला दुरुस्त तक्ता आहे. खाली त्यांच्या अक्षरात दोन शब्द: 'चूक माझी'. ते पुसायला अजून धीर झालेला नाही. हे लिहिलेलं मालकांच्या वाचनात आलं तर माझीही नोकरी जाऊ शकते. तरी सुनंदाताईच्या समोर बसून सांगायचं राहिलंच आहे. सर, माझी चूक एक दिवस तुमच्या नावावरून उतरवीन.