आपले लोक तेव्हा काय करत होते?

जळगावच्या शाळेत सातवीला माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण पिंजाऱ्याची मुलगी होती. पिंप्राळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच तिच्या अब्बांचं गाद्यांचं दुकान. इतिहासाची तिला भारी आवड. किल्ल्यांची नावं वर्गात सगळ्यांआधी तीच सांगायची.

त्या वर्षी गावात वातावरण तंग होतं. सर लढाईचा धडा शिकवत होते. शत्रूचा सरदार पडला, तशा मागच्या बाकांवरून टाळ्या वाजल्या आणि एकेक मान तिच्याकडे वळली. कोणीतरी म्हणालं, "तुमचा गेला गं!" तिनं पुस्तकातून डोकं वर काढलं नाही.

सर थांबले. मग म्हणाले, "घरी विचारून या. या लढाया चालल्या होत्या, तेव्हा आपले लोक काय करत होते?"

मी आबांना, म्हणजे आजोबांना, विचारलं. ते हसले. "बठ्ठा वावरमाच व्हतात, आखो काय?" सगळे शेतातच, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी वर्गात तेच निघालं. शेती, गुरं, नाहीतर 'माहीत नाही'. तलवार धरलेला पूर्वज एकाच्याही घरी सापडला नाही. ती उठली. "अब्बा म्हणाले, कापूस पिंजत होते. इथंच."

"म्हणजे यांच्या शेतातला कापूस तुमच्याकडेच येत असणार," सर म्हणाले.

घरी मी हे उत्साहानं सांगितलं. बाबा शाळेच्या पालक समितीत होते. त्यांचा जेवता हात थांबला.

"धडा सोडून हे काय शिकवतात?"

"पण बाबा, त्यात खोटं काय आहे?"

"खोटं नाही गं. पण या वयात मनात अभिमान रुजायला हवा. असल्या चौकशांनी तो राहतो का?"

बाबा दुष्ट नव्हते. आमच्या गाद्या तिच्याच दुकानात भरल्या जात. पण ते आणखी काही पालकांना घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. त्यानंतर सर पुस्तकात बघून धडा नुसता वाचून दाखवायचे. आम्ही काही विचारलं, तर म्हणायचे, "परीक्षेला नाही ते."

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. तिला उर्दू शाळेत घातलं होतं. पुढे एकदा बाजारात आईबरोबर दिसली. मी विचारलं, "करमतं का गं तिकडे?"

"हो. तिकडे माझ्याकडे कोणी वळून बघत नाही," ती म्हणाली. खूश होती. ती आईबरोबर पुढे गेली, तरी मी मात्र वळून वळून बघत होते.