तिसरं कोटेशन

ही गोष्ट मी कित्येक वर्षं सांगायची टाळली, कारण ऐकणारा आधी पोटभर हसतो आणि मग वहिनींची चौकशी करतो.

मी हवाई दलात होतो. म्हणजे विमानं उडवत नव्हतो (तसं समजून लोक चहा पाजतात, मी नाही म्हणत नाही). लखनौजवळ बख्शी का तालाबच्या तळावर, स्टोअरमध्ये सुटे भाग सांभाळायचो. निवृत्तीनंतर लखनौतच राहिलो. बायको वसुधा वाईची. तिचा ठरलेला टोमणा होता, "विमानवाल्याशी लग्न केलं आणि जन्मभर विमान खालूनच बघितलं!"

गुडघ्यांनी तिचं माहेर बंद केलं, तेव्हा मुलीने आमच्या नव्या कॉम्प्युटरवर विमान उडवण्याचा खेळ घालून दिला. जगातल्या कुठल्याही गावावरून उडा! वसुधाने एवढंच विचारलं, "वाई दिसेल?"

दिसली. पण कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्ड नव्हतं, त्यामुळे कृष्णामाई करड्या चौकोनांतून धक्के खात वाहत होती.

"हा घाट आहे की फरशीचं दुकान?" वसुधा म्हणाली.

"पापा, बस एक अच्छा कार्ड ले लो ना!" म्हणून मुलगी नोकरीच्या गावी निघून गेली.

ले लो! नोकरीत मी खिळासुद्धा तीन कोटेशनांशिवाय आणला नव्हता. पहिलं हजरतगंजचे दुकानदार गुप्ताजी यांच्याकडून घेतलं, दुसरं पार शहराच्या टोकाला, चिनहटहून आणलं, आणि तिसरं हाती येईपर्यंत गुप्ताजींकडचं कार्ड संपलं! पुन्हा पहिल्यापासून. गुप्ताजी म्हणाले, भाव चढतील. शेजारी म्हणाले, उतरतील. मी शेजाऱ्यांवर विश्वास ठेवला. भाव चढले! मग दिवाळीची सूट येणार होती. ती आली, तेव्हा नवं मॉडेल येणार होतं.

"अंकल, नया वाला तो हमेशा आने ही वाला रहता है," गुप्ताजी कळवळून म्हणाले.

"कार्ड आलं का हो?" वसुधा विचारायची.

"येईल गं. घाई काय आहे?"

शेवटी तिन्ही कोटेशनं जमली, कार्ड आलं, आणि कॉम्प्युटरच्या डब्यात मावेना! मोठा डबा हवा. मी सवयीने म्हणालो, "आता याची तीन..."

वसुधाने माझ्याकडे रोखून बघितलं. मग मान जराशी वळवून पुन्हा बघितलं.

"अहो, तुमचा चेहरा मधोमध पुसल्यासारखा का दिसतोय?"

डॉक्टर म्हणाले, डोळ्यांचा पडदा झिजलाय. कडेकडेचं दिसेल, मधलं परत येणार नाही.

डबा मी त्याच संध्याकाळी आणला. एकाही कोटेशनाशिवाय.

आता विमान मी चालवतो, ती शेजारी बसते. कृष्णा अशी लखलखते की काय सांगू! पण सांगावंच लागतं.

"घाटावर कुणी आहे का हो?"

"बायका धुणं धुताहेत," मी ठोकून देतो. (त्या खेळात घाटावर चिटपाखरू नसतं.)

"मग त्यात आई असेल," ती म्हणते, आणि मी तिथेच घिरट्या घालत राहतो.

परवा धीर केला. "वसुधा, ते कार्ड मी वेळेवर..."

"अहो, डावीकडे डोंगर!"

पांडवगडावर आम्ही सपशेल आपटलो. धडधाकट डोळे माझे, आणि डोंगर दिसला तिला!

"घ्या आता नवं विमान," ती हसत म्हणाली. "आणि याला कोटेशनं मागवू नका."

मी पुन्हा उड्डाणाचं बटण दाबलं. माफी मागायची आहेच. फक्त योग्य वेळ बघतोय.