आत्याची ओटी

दत्तूच्या आत्याशी ज्याचं भांडण झालं नाही असा माणूस त्या काळात डिलाईल रोडवर दिवा घेऊन शोधला असता तरी सापडला नसता. दत्तू माझा मित्र, आणि ती त्याची सख्खी आत्या. पण सगळी चाळ तिला आत्याच म्हणायची. तळमजल्यावर तिची गिरणीकामगारांसाठी खानावळ होती. ताटात भात टाकून उठणाऱ्याशी ती भांडायची आणि कमी जेवणाऱ्याशी त्याहून जास्त. "जेवायला आलायस की वास घ्यायला?" एखादा जेवायला आलाच नाही तर त्याच्या खोलीवर जाऊन भांडायची. तो तापाने फणफणलेला निघाला, की तापाबद्दल त्यालाच चार शिव्या हासडून पेज भरवायची. तिच्या हातची पेज खाऊन माणूस बरा व्हायचा तो बहुधा धाकानेच.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली आणि आत्याला तिच्या मापाचं भांडण मिळालं. मोर्चाला चाळीतल्या बायका तिनेच बाहेर काढल्या. "ह्यांना विचारून सांगते," असं कोणी म्हटलं की आत्या म्हणायची, "त्याला मी विचारते, तू चपला घाल." एकदा नाक्यावर अश्रुधूर सोडला, तेव्हा तिने गॅलऱ्यांतल्या दोऱ्यांवरचे सगळ्यांचे कपडे ओढले, बादलीत बुचकळले आणि पोरांकडे फेकले. त्यात माझ्या वडिलांचं एकुलतं एक चांगलं धोतर गेलं. ते जाब विचारायला गेले तर म्हणाली, "भाऊ, पोरांचे डोळे जात होते. तुमच्या धोतराला डोळे होते काय?" वडील निमूटपणे लेंगा घालून कामावर गेले. पोलीस पोरांना धरायला चाळीत शिरू लागले, तेव्हा तर तिने दारातच शेगडी मांडून मिरच्या भाजायला घेतल्या. हवालदार खोकून खोकून हैराण. "तुमचा धूर तुम्ही सोडलात, हा माझा," म्हणाली. तोवर पोरं मागच्या जिन्याने पसार झाली होती.

महाराष्ट्र झाला आणि आमच्या पुढाऱ्यांना सत्कारांचा झटका आला. मैदानात मांडव घातला. ठरलं असं, की पुरुषांना फेटा बांधायचा आणि बायकांची खणानारळाने ओटी भरायची. पहिलं नाव अर्थातच आत्याचं होतं. मग कोणा शहाण्याला आठवलं, की आत्या विधवा आहे. झालं. विधवेची ओटी कशी भरायची? मंगल प्रसंग, लोक काय म्हणतील? दत्तू म्हणाला, "मग तिला फेटा बांधा." त्यावर सगळे खो खो हसले. हेच लोक तिच्या हातचं जेवून सभेत समतेवर घसा फोडायचे, आणि लाठी उगारली की तिच्याच पाठीमागे दडायचे. दिल्लीपुढे मान न तुकवणारी ही माणसं एका खणापुढे लटपटली. तिला स्टेजवर बोलवायचंच नाही, पहिल्या रांगेत खुर्ची द्यायची, असं त्यांनी ठरवलं आणि तिला सांगायची हिंमत कोणाला झाली नाही. लाज कशी वाटली नाही, हे मी अजून विचारतो.

हरताळातसुद्धा चालू असणारी खानावळ आत्याने त्या संध्याकाळी बंद ठेवली. ठेवणीतलं लुगडं नेसून ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली. नाव पुकारलं ते शेवंताचं. ही गिरणीत कामाला होती आणि प्रत्येक मोर्चात आत्याला चिकटून चालायची. शेवंता स्टेजवर गेली, पण पदर पसरेना. म्हणाली, "आधी आत्याची भरा."

ओटी भरायला आलेल्या पाहुण्या बाई हातात खण धरून समारंभाच्या सेक्रेटरीकडे बघू लागल्या आणि सेक्रेटरी स्वतःच्या चपलांकडे. मी मनात म्हटलं, आता बघा कसा भडका उडतो. मला तो हवाच होता. तो मांडव तिने उपटून टाकला असता तर एक खांब मी धरला असता. आत्या उठली. काय झालंय ते तिला एव्हाना कळलं होतं. म्हणाली, "शेवंते, पदर पसर. बाकीच्या खोळंबल्यात." आणि खाली बसली. शेवंताने रडत रडत पदर पसरला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा राग माझ्या डोक्यातून आजही गेलेला नाही.

परत येताना आम्ही दोघं तिच्यावरच उखडलो. दत्तू म्हणाला, "आत्या, पोलिसांना घाबरली नाहीस आणि या भित्र्यांपुढे गप्प बसलीस? हक्काने मागायची होतीस."

आत्या चालायची थांबली. तिचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता.

"राज्य भांडून घेता येतं रे. ओटी मागून घ्यायची नसते, कुणीतरी आपणहून भरायची असते."

म्हणजे तिला ती हवी होती. हे आमच्या तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.