हमीद मास्तरांनी मागे घेतलेलं नाव

मी सातवीच्या वर्गावर होतो. शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "सर, हमीद मास्तर गेले." आठवडाभर त्यांना ताप होता, आदल्याच दिवशी मी त्यांना भेटून आलो होतो. उशाला एक शिंपला ठेवून ते त्याच्या कडेवरून बोट फिरवत होते... याला आता महिना होईल.

आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवत, मी विज्ञान. त्याआधी ते भूगर्भखात्यात नकाशे काढत असत. तिथे जडलेला नाद सुटला नाही. दर उन्हाळ्यात नाशिक रोडला गाडीत बसायचे, पिपरियाला उतरायचे आणि सातपुड्याच्या ओढ्यांतली लाल माती उकरायचे. ती माती ट्रायासिक काळातली, म्हणजे माणूस जन्मायच्या कोट्यवधी वर्षं आधीची. तिच्यात दगड झालेले शिंपले सापडत, आणि क्वचित सुसरीएवढ्या, पण बेडकाच्या जातकुळीतल्या उभयचर प्राण्यांची हाडं. घरी आणून, सुईनं माती काढून, कोणता तुकडा कुठल्या जातीचा ते मास्तर ठरवत. एकेका शिंपल्याला महिना लागे. त्यांना घाई कशी ती ठाऊकच नव्हती.

एका उन्हाळ्यात त्यांना तळहाताएवढी एक सबंध कवटी मिळाली. डोळ्यांच्या खोबणी मोठ्या, तोंड आखूड. दोन वर्षं त्यांनी ती मिळतील त्या चित्रांशी ताडून पाहिली आणि ही जात नवी आहे असं ठरवून कलकत्त्याच्या एका विद्वानांना लिहिलं. त्यांनाही ते पटलं. वर्णन त्यांच्या वार्षिक शोधपत्रिकेच्या पुढच्या अंकात छापायचं ठरलं. जातीला मास्तरांनी आपल्या पत्नीचं, सकीनाभाभींचं नाव दिलं होतं. त्या दिवशी भाभींनी शिरखुर्मा केला. मास्तर मात्र लाजून वाटीकडे बघत बसले होते.

पुढच्या खेपेला त्याच ओढ्यात आणखी दोन कवट्या निघाल्या, थोड्या मोठ्या. मास्तरांनी मला बोलावून घेतलं. तिन्ही कवट्या ओळीनं मांडल्या होत्या आणि शेवटी पूर्वीच नाव मिळालेल्या एका मोठ्या प्राण्याचं चित्र. एकीकडून दुसरीकडे जाताना डोळे लहान होत होते, तोंड लांबत होतं...

"हे त्याचंच पिल्लू आहे, कुलकर्णी. नवी जात नाही."

"अहो, विद्वानांनी मान्य केलंय. छापून तर येऊ द्या," मी म्हणालो. आज ते लिहितानाही मला ओशाळल्यासारखं होतं.

"मग पुढचा माणूस माझ्या चुकीवर मोजमापं करत बसेल. त्याची वर्षं मी का खाऊ?"

भाभी दाराशी उभ्या होत्या. मास्तर त्यांच्याकडे वळले. भाभीच म्हणाल्या, "ज्याचं नाव आधीच ठेवलंय, त्याला माझं कशाला? काढून टाका." आणि आत गेल्या. चहा यायला बराच वेळ लागला.

आम्ही सायकलींवरून तारघरात गेलो. तार लिहिताना मास्तरांचा हात थांबला नाही. बाहेर आल्यावर मात्र ते सायकल हातात धरूनच घरापर्यंत चालत आले. पुढे त्या अंकात नव्या जातीऐवजी त्या प्राण्याच्या वाढीवर एका पानाचा मजकूर आला, त्यांनी काढलेल्या तीन कवट्यांच्या चित्रासह. खाली त्यांचं नावही चुकीचं छापलं होतं. "रेघा बरोबर उमटल्यात," एवढंच ते म्हणाले, आणि तो अंक त्यांनी वर्गात मुलांना छाया कशी द्यावी हे दाखवायला नेला.

परवा सकाळी त्यांच्या खोलीत गेलो. भाभी एकेक शिंपला पुसून खणात ठेवत होत्या. त्यांना उर्दू वाचता येतं, मराठी नाही; म्हणून एक पेटी माझ्यापुढे सरकवून त्यांनी विचारलं, "यातल्या चिठ्ठ्यांवर काय लिहिलंय?" आतल्या प्रत्येक तुकड्याजवळच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं दोनच शब्द होते. मी वाचून दाखवले, "नक्की नाही."

भाभींनी पेटी परत घेतली आणि टेबलावर, खिडकीच्या उजेडात, हाताशी येईल अशी ठेवली. "मग ही इथंच राहू दे," त्या म्हणाल्या. "आज ते असते तर हीच घेऊन बसले असते."